जुन्या पिकअपची केबिन घरच्या अंगणात कशी बदलावी

नागपूरची हवा कोरडी, मग केबिन सडते कशी, असं लोक विचारतात. पावसाळ्यात पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, रबरी मॅटखाली साचतं, आणि मॅट उचलून बघायची सवय कुणालाच नसते. नुसता फ्लोअर गेला असेल तर डेंटरकडून ठिगळ मारून घ्या, गाडी चालेल. पण केबिन चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, जिथे टेकते ते कोपरे आणि दरवाजांचे खांब खाल्ले गेले असतील, तर ठिगळावर पैसे घालू नका. केबिनच बदला. बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ सारख्या गाडीत केबिन चेसिसवर बोल्टने बसवलेली असते, म्हणूनच हे काम घरी जमतं.

दिवस निवडा दिवाळी ते फेब्रुवारीमधले. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याला हात लावता येत नाही, आणि पावसाळ्यात उघड्या अंगणात हे काम काढणाऱ्याला काय सांगावं!

केबिन घेताना

अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांचा राबता आहे. तिथल्या गॅरेजांत विचारलं की जुनी केबिन कुठे मिळेल ते कळतं. मॉडेल तेच हवं. स्टेअरिंग पॉवर की साधं, क्लच वायरचा की ऑइलचा, हे जुळवून बघा, नाहीतर पुढच्या पत्र्याला नवी भोकं पाडत बसाल. खिशात चुंबक ठेवा. रंग कितीही चकचकीत असो, चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पक्कं बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची झेरॉक्स घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या केबिनवर जुन्या गाडीची रिव्हेट मारलेली प्लेट असेल तर ती विकणाऱ्यालाच काढून ठेवायला सांगा. तुमच्या गाडीची ओळख चेसिसवर ठोकलेल्या नंबराची आहे. जुन्या केबिनवरची स्वतःची प्लेट हलवायची असेल तर आधी आरटीओत विचारा.

सोडवणं

बॅटरी काढा. बोनट, जाळी, मडगार्ड, रेडिएटर, सीट, दरवाजे, पुढची काच उतरवा. मग वायरिंगचे कपलर, एक्सिलरेटर, स्पीडोमीटर आणि हँडब्रेकच्या वायरी, क्लच, गिअरचा दांडा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर पाइप न सोडता बाजूला बांधता आला तर ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायचं काम वाचतं. प्रत्येक कपलरवर चिकटपट्टी लावून नंबर घाला. स्टेअरिंग सरळ ठेवून बांधून टाका, आणि शाफ्ट सोडण्याआधी जोडावर रंगाची रेघ ओढा.

उचलणं

"चार पोट्टे बोलाव अन् उचलून घे" हा सल्ला देणारा केबिन उचलायला कधी स्वतः येत नाही. रिकामी केबिनही दोन क्विंटलच्या आसपास धरून चाला. कडुलिंबाच्या फांदीला चेन पुली टांगणं तर सरळ मूर्खपणा आहे. केबिन हवेत फिरवायची गरजच नाही. चेसिसला चाकं आहेत, तिला सरकवा. जॅकने केबिन थोडी उचला, पुढून आणि मागून एकेक लांब चौकोनी पाइप आडवा घाला. पाइपांची टोकं चाकांच्या बाहेरच्या घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा आणि दोन्ही बाजू आळीपाळीने चढवत न्या. पाइप इंजिनाच्या सगळ्यात उंच भागाच्या वर गेले की चेसिस मागे ढकलून काढा. केबिन नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली डोकं घालायचं नाही, एका बोल्टसाठीसुद्धा नाही.

नवी केबिन अशाच घोड्यांवर चढवून ठेवली की खालून गंजरोधक रंग मारून घ्या. ही संधी पुन्हा येत नाही.

बसवणं

इथे मी सगळ्यात जास्त घाम गाळला आहे. काढलेली केबिन उलट्या क्रमाने बसवली की झालं, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. बोल्ट सगळे लागतात, केबिन बसल्यासारखी दिसते, आणि मग एक दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही, तिसऱ्या गिअरला दांडा पत्र्याला घासतो, आणि महिन्याभरात पुढच्या काचेला कोपऱ्यातून तडा जातो.

मूळ कारण बहुतेक वेळा चेसिसच्या उभं राहण्यात असतं. एका कोपऱ्यात जॅक लावलेली चेसिस किंचित पिळलेली असते. त्या स्थितीत केबिन आवळली आणि मग जॅक काढला, की चेसिस सरळ होऊ पाहते आणि केबिनला ओढते. म्हणून आवळताना गाडी सपाट जागेवर, स्वतःच्या चारही चाकांवर, सारख्या हवेच्या टायरांवर उभी पाहिजे. यात सवलत नाही.

केबिन आणि चेसिसच्या मधले रबराचे बुश सगळे नवे घ्या. दोन जुने "बरे आहेत" म्हणून ठेवायचे नाहीत. जुनं रबर दबलेलं असतं, नवं फुगीर, आणि तेवढ्यानेच केबिन कलते. वरचा बुश केबिन आणि चेसिसवरच्या ब्रॅकेटच्या मध्ये, खालचा ब्रॅकेटच्या खाली, मध्ये लोखंडी नळी, शेवटी मोठा वायसर. ती नळी भंगारात जाऊ देऊ नका. बोल्ट नळीवर टेकला की थांबायचं असतं. नळी नसली तर पाना फिरतच राहतो आणि रबर भाकरीसारखं चपटं होतं.

केबिन खाली उतरत असताना एक जण फक्त स्टेअरिंग शाफ्टवर लक्ष ठेवून असला पाहिजे. रेघेला रेघ जुळवून शाफ्ट आधी घाला, बोल्ट नंतर. मग चेसिसचे सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे लावा. भोक जुळत नसेल तर निमुळती सळई घालून केबिन सरकवा. भोक मोठं करायला ड्रिल हातात घेतलंत तर तुम्ही चुकीच्या जागी जोर लावताय. एकही बोल्ट अजून आवळायचा नाही.

आता दरवाजे लावा. हो, बोल्ट ढिले असतानाच. त्याआधी बिजागऱ्यांच्या पिना हलवून बघा, कारण झिजलेल्या पिनेने लोंबणारा दरवाजा तुम्हाला दिवसभर खोटं सांगत राहील. मग बोल्ट कोपरा-कोपरा करत थोडे आवळा आणि दरवाजाच्या मागच्या कडेची फट बघा. फट वर रुंद आणि खाली चिमटलेली असेल, तर पुढचा आधार खाली गेलाय. त्या बुशखाली पत्र्याचं पॅकिंग घाला. उलट असेल तर पॅकिंग काढा. मागच्या माल भरायच्या डाल्यापासूनचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. जुन्या केबिनखाली जितकी पॅकिंग होती तितकीच नव्या केबिनला लागतील असं समजू नका, प्रत्येक केबिनचा पत्रा वेगळा बसतो.

फटी जुळल्या की स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही जड लागलं तर पुन्हा ढिलं करा. गिअर सगळे टाकून बघा. स्टेअरिंगच्या जोडाला बोल्ट आणि लॉक नट नवेच लावा, तो बोल्ट शाफ्टच्या खाचेतून गेलाय हे डोळ्यांनी बघा. मगच शेवटचं आवळणं.

अर्थिंग विसरू नका

केबिन रबरावर बसते, म्हणजे चेसिसपासून तिला विजेची वाट तुटते. केबिन ते चेसिस आणि इंजिन ते चेसिस, दोन्ही पट्ट्या रंग खरवडून उघड्या लोखंडावर लावा. पट्टी राहिली तर करंट एक्सिलरेटर किंवा स्पीडोमीटरच्या वायरमधून वाट काढतो. ती तापते, तिचं आवरण वितळतं. नंतर लाइट मंद आणि मीटर वेडे झाले की लोक वायरिंगवाल्याला पैसे देतात, आणि तो अख्खी वायरिंग बदलतो.

उरलेलं

बाकी जोडणी जशी सोडली तशी. ब्रेकचा पाइप उघडला असेल तर पॅडल दगडासारखं होईपर्यंत हवा काढा आणि पहिली चाचणी अंगणातच घ्या. काच लगेच बसवू नका. गाडी जवळपास सावकाश थोडी फिरवून आणा, बोल्ट पुन्हा आवळा, दरवाजे अजून नीट लागतात ना ते बघा, मग काच. आठवड्याभराने बोल्टांना आणखी एकदा पाना लावा.

केबिनचा रंग वेगळा असेल तर आरसीवर तशी नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. शेवटी काचेच्या रबरावर पाण्याचा पाइप धरा आणि आत बसून फ्लोअर बोटाने चाचपा. तो कोरडा निघेपर्यंत मॅट टाकायची नाही.