एडमंटनचे जुने ड्राफ्ट तपासताय? या चुका टाळा

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. जो संघ तळाला, त्याला नव्या पोरांमधून आधी निवडायची संधी, असा साधारण हिशोब. त्यात थोडी लॉटरी. एडमंटन ऑइलर्सला 2010 ते 2015 या सहा ड्राफ्टमध्ये चारदा पहिला क्रमांक मिळाला. हॉल, न्युजंट-हॉपकिन्स, याकुपॉव्ह, मॅकडेव्हिड. तरी 2006 ची फायनल हरल्यानंतर सलग दहा मोसम हा संघ प्लेऑफबाहेर. मग चाहते जुन्या याद्या उघडून बसतात आणि नेमके इथेच घसरतात.

आज कळतंय ते त्या दिवशी माहीत होतं असं धरणं

नेल याकुपॉव्हचंच घ्या. 2012 चा पहिला क्रमांक. 350 सामने, 62 गोल, आणि 2018 नंतर एनएचएलमध्ये दिसलाच नाही. "फिलिप फोर्सबर्ग समोर होता की!" हे वाक्य हमखास ऐकू येतं. होता, आणि पुढे तो स्टारही झाला. पण तो अकराव्या क्रमांकावर गेला, म्हणजे त्याच्यावरून दहा संघ पुढे गेले. ज्या वॉशिंग्टनने त्याला घेतलं, त्यांनी वर्षाच्या आत त्याला नॅशव्हिलला देऊन टाकलं. गोलरक्षक वासिलेव्हस्की तर एकोणिसावा; त्याला निवडणाऱ्या टॅम्पानेच आधी, दहाव्या क्रमांकावर, कोएकोएक हा बचावपटू घेतला होता. उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या एनएचएलच्या अधिकृत क्रमवारीत याकुपॉव्ह पहिलाच होता. एडमंटनने वेगळं काही केलं नाही, चार लोकांनी जे केलं असतं तेच केलं.

म्हणून तुलना करायचीच तर पुढच्या चार-पाच नावांशी करा, अख्ख्या यादीतल्या सर्वोत्तम नावाशी नको. 2012 चे पुढचे तिघे होते मरे, गॅल्चेन्युक आणि ग्रिफिन राइनहार्ट. ते वर्षच वरच्या टोकाला पोकळ निघालं.

नशिबाचं श्रेय स्काउटना देणं

2015 मध्ये एडमंटन खालून तिसरं होतं, लॉटरी लागण्याची शक्यता 11.5 टक्के. ती लागली आणि मॅकडेव्हिड मिळाला. त्याला निवडायला स्काउट (नवे खेळाडू हेरणारा) लागत नव्हता. निवडीची पारख करताना हे नाव सरळ बाजूला काढा, नाहीतर सरासरी फुगते.

घाई

लिऑन ड्रायसायटल, 2014, तिसरा क्रमांक. पहिल्या मोसमात 37 सामन्यांत 2 गोल आणि 7 असिस्ट (गोलला केलेली मदत), मग परत ज्युनियर हॉकीत रवानगी. तेव्हा निकाल लावणाऱ्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: 2019-20 मध्ये 110 गुण (गोल अधिक असिस्ट) आणि हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान. बचावपटूंना तर आणखी वेळ द्या. 2018 मध्ये दहावा आलेला बुशार्ड एडमंटनमध्ये नियमित खेळायला लागला तो 2021-22 मध्ये, आणि 2023-24 ला त्याने 82 गुण काढले.

निवड, घडण आणि सौदा यांची खिचडी

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. हॉलची निवड चुकली का? अजिबात नाही. 2016 मध्ये त्याला न्यू जर्सीला देऊन ॲडम लार्सन हा बचावपटू आणला, तो सौदा झाला. हॉल 2018 चा हार्ट ट्रॉफी विजेता ठरला, तेव्हा त्याच्या अंगावर न्यू जर्सीची जर्सी होती. 2015 च्या ड्राफ्टमधले सोळावा आणि तेहतिसावा हे निवडीचे क्रमांक न्यूयॉर्क आयलँडर्स संघाला देऊन एडमंटनने त्याच राइनहार्टला आणलं. सोळाव्यावर आयलँडर्सनी मॅथ्यू बार्झाल घेतला. राइनहार्टची एनएचएल कारकीर्द 37 सामन्यांत आटोपली. ड्राफ्टच्या यादीत एडमंटनपुढे या दोन क्रमांकांवर काहीच दिसत नाही, म्हणून ही चूक हिशोबात येतच नाही. गेलेले क्रमांकही वहीत लिहा.

घडणीचं मोजमाप अवघड. याकुपॉव्हच्या चार मोसमांत क्रूगर, ईकिन्स, नेल्सन, मॅक्लेलन असे प्रशिक्षक बदलत गेले. 2016 चा चौथा, येसे पुल्युयार्वी, अठराव्या वर्षीच एनएचएलमध्ये उतरवला: 28 सामने, एक गोल. त्याच्यानंतर दोन क्रमांकांनी कॅल्गरीने मॅथ्यू कचक घेतला, म्हणजे इथे "जवळच्या नावांशी तुलना" एडमंटनच्या विरोधात जाते. पण पुल्युयार्वी आधी फिनलंडमध्येच पिकू दिला असता तर? 2019-20 ला तो तिकडे परतला आणि 56 सामन्यांत 53 गुण घेऊन आला. या रकान्यात मी अजून प्रश्नचिन्हच ठेवतो.