कवडसा धरून नाचताना

स्ट्रीट डान्सच्या बॅटलमध्ये (समोरासमोरचे सामने) आणि सायफरमध्ये (गोल करून आळीपाळीनं नाचणं) घडलेली आणि आता पहिल्यांदाच रंगमंचावरच्या समकालीन प्रयोगात काम करू पाहणारी मुलंमुली मला बरेचदा विचारतात, की तिथे वेगळं काय असतं? माझं उत्तर एका तालमीपासून सुरू होतं.

प्रयोगाचा विषय होता प्रकाश आणि प्रतिबिंब. आम्ही सहा जण होतो. प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढा आरसा, मागे काळा पडदा, बाजूला दोन उंच आरसे. दिग्दर्शिकेनं सांगितलं, "समोरच्या भिंतीवरचा कवडसा हलू देऊ नकोस. बाकी हवं ते नाच." आठ वर्षं पॉपिंग ही स्ट्रीट डान्सची शैली केली होती, पण तो कवडसा मला दहा सेकंदही धरता आला नाही.

कारण शाळेतल्या भौतिकशास्त्राचंच आहे. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. मनगट १ अंश हललं तर किरण २ अंश वळणार, आणि भिंत १० मीटरवर असेल तर कवडसा सुमारे ३५ सेंटिमीटर सरकणार. पॉपिंगचा तर सगळा जीव हिटमध्ये असतो: स्नायू झटक्यात आवळायचा आणि सोडायचा. हिट छातीत मारला तरी त्याचा धक्का खांद्यातून मनगटापर्यंत उतरतो. एरवी तो कुणाला दिसत नाही. आरसा हातात आला की तो आख्ख्या भिंतीवर दिसतो.

मग आयसोलेशन, म्हणजे बाकी शरीर स्थिर ठेवून एकच अवयव हलवणं, पुन्हा पहिल्यापासून शिकले. आधी नुसता श्वास, मग चालणं, मग गुडघ्यातला हिट, आणि सगळ्यात शेवटी छातीतला. तीन आठवडे गेले. पण त्या तीन आठवड्यांनी माझं पॉपिंग जितकं स्वच्छ झालं, तितकं आधीच्या तीन वर्षांत झालं नव्हतं.

समकालीन प्रयोगात गेलं की आपली शैली मागे पडते, अशी भीती अनेकांना वाटते. मला तसं वाटत नाही. नर्तक बुगालू सॅम यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात जो गट उभा केला, त्यातून पॉपिंग जगभर पोचलं. त्याच घराण्यातलं स्ट्रोबिंग आठवा. दिवा साधाच असतो, पण हालचालीचे तुकडे असे पाडायचे की पाहणाऱ्याला लुकलुकणारा स्ट्रोब लाइट लागल्याचा भास व्हावा. म्हणजे उजेडाचा विचार आपल्या नाचात आधीपासून आहेच. दुसऱ्या बाजूला रंगमंचावरची नर्तकी लोई फुलर. १८९२ मध्ये पॅरिसच्या फोली बेर्जेर या नाट्यगृहात रेशमाच्या घेरदार वस्त्रांवर रंगीत प्रकाश खेळवून तिनं प्रेक्षकांना वेड लावलं होतं. पुढे तिनं आरशांचेही प्रयोग केले. या दोन वाटा आपल्या अंगात येऊन मिळतात, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

आता दिव्यांबद्दल. समोरून पडणाऱ्या प्रकाशात शरीर सपाट दिसतं आणि हिट हरवतो. बाजूच्या विंगेतून येणारा प्रकाश स्नायूच्या कडेला सावली पाडतो, म्हणून तिथे छोटासा हिटही उठून दिसतो. मात्र नडगीच्या उंचीवरचे दिवे जमिनीवर काम करणाऱ्यांच्या थेट डोळ्यांत जातात. आमच्यातल्या ब्रेकिंग (जमिनीवरचा स्ट्रीट डान्स) करणाऱ्या मुलाला त्यासाठी फ्रीजची, म्हणजे नाचता नाचता गोठून धरायच्या पोझची, दिशाच बदलावी लागली. आणि दिव्यापासूनचं अंतर निम्मं झालं की उजेड जवळपास चौपट होतो, त्यामुळे विंगेजवळ एक पाऊल इकडेतिकडे पडलं तरी दृश्य बदलतं. प्रकाशयोजनाकाराशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या. कुठला दिवा कुठून येतो हे विचारणाऱ्या नर्तकाला ते मनापासून मदत करतात.

उभ्या आरशांनी आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. दोन आरसे काटकोनात जोडले की तीन प्रतिमा दिसतात, ६० अंशांत पाच. एका प्रवेशात मी एकटी आत शिरायचे आणि आम्ही सहा जणी व्हायचो. काटकोनात मात्र एक गंमत होते. मधली प्रतिमा डावी-उजवी उलटत नाही. इतरांना आपण जसे दिसतो तशीच ती दिसते. स्टुडिओतल्या आरशाची सवय असलेलं शरीर तिथे गोंधळतं. उजवा हात उचलला की समोरची 'मी' नेहमीच्या बाजूचा हात उचलत नाही. पहिल्यांदा मी चक्क थांबले होते. त्यामुळे तालमीचा निम्मा वेळ तरी आरशाकडे पाठ करून नाचा.

प्रेक्षकाला आरशात काय दिसेल हे ओळखायची खूण सोपी आहे. आरशात तुम्हाला त्याचे डोळे दिसले, तर त्यालाही तुम्ही दिसता. ही खूण आम्ही टोकाच्या खुर्च्यांसाठी तपासली नाही. रंगीत तालमीत कळलं, की डावीकडच्या प्रेक्षकांना आरशात आम्ही नव्हे, तर दिवाच दिसतोय. आरसे थोडे वळवावे लागले आणि माझ्या सगळ्या जागा एका रात्रीत बदलल्या. तुम्ही आधीच प्रत्येक कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहा.

काचेऐवजी अॅक्रिलिकचे आरसे मागा. ते हलके असतात, पडले तरी काचेसारखे धारदार तुकडे विखुरत नाहीत. मोठा आरसा वाकून प्रतिमा वेडीवाकडी होऊ शकते, म्हणून मागे ताठ पाठिंबा हवा. घामाचे ठसे मऊ कापडानेच पुसायचे, नाहीतर चरे पडतात. स्ट्रोब वापरणार असाल तर प्रेक्षकांना आधी सूचना द्यायलाच हवी; लुकलुकत्या प्रकाशाने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो.

पैशांचं बोलणं तालीम सुरू होण्याआधी करा. याआधीच्या एका निर्मितीत माझ्या कागदावर फक्त प्रयोगांचा उल्लेख होता. दिवे आणि क्यू (ते कधी बदलायचे त्या खुणा) जुळवण्यात गेलेल्या चार दिवसांचं मानधन मला मिळालं नाही. तालमी, टेक (दिवे आणि क्यू जुळवण्याचे दिवस), रंगीत तालीम, दुखापत झाल्यास खर्च कोण करणार, तुमच्या फ्रीस्टाइलमधून (आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं) घेतलेल्या हालचालींचं श्रेय, चित्रीकरण कुठे वापरणार: सगळं लेखी हवं.

ऑडिशनला आम्हाला एकच दिवा लावून एक मिनिट नाचायला सांगितलं होतं. मी परीक्षकांकडे तोंड करून नाचले. माझ्यानंतरच्या मुलीनं पहिली काही सेकंदं फक्त तळहात उजेडात फिरवून पाहिला, मग सुरुवात केली. सगळ्यात आधी निवड झाली ती तिची.

घरी सराव करायचा तर टेबलावर मोबाइलचा टॉर्च पक्का ठेवा, हातात छोटा आरसा घ्या आणि भिंतीवर चिकटपट्टीचा चौकोन करा. भिंतीपासून २ मीटरवर उभे राहा. तिथे मनगटाच्या १ अंशाला कवडसा सातच सेंटिमीटर सरकतो. गाणं पूर्ण होईपर्यंत तो चौकोनात राहिला, की एक पाऊल मागे या.