खिसे असलेली कापडी टोट बॅग कशी शिवावी

टोट बॅग शिवायला सोपी, कारण तिच्या जवळजवळ सगळ्या टिपा सरळ असतात. अडचण येते ती वापरताना. मोबाइल वाजत राहतो आणि हात तळाशी चाचपत राहतो, पेनाची शाई अस्तराला लागते, किल्ल्या हरवल्यासारख्या वाटतात. खिशांनी हे सगळे सुटते, पण ते आधी ठरवावे लागतात. पिशवी शिवून झाल्यावर आत खिसा लावायला गेलात, तर मशीनखाली कापड पसरायला जागाच उरत नाही. म्हणून कात्री हातात घेण्याआधी रोज बरोबर नेता त्या वस्तू समोर ठेवा आणि त्यांची मापे घ्या.

इथे दिलेल्या मापांनी साधारण 35 सेंमी रुंद, 36 सेंमी उंच आणि 10 सेंमी रुंदीचा तळ असलेली पिशवी तयार होते.

कापड आणि साहित्य

बाहेरून कॅनव्हास, डेनिम किंवा जाड सुती कापड घ्या, आतून पातळ सुती अस्तर. 110 सेंमी पन्ह्याचे दोन्ही कापड एकेक मीटर पुरते. अस्तर फिकट रंगाचेच निवडा. गडद अस्तरात काळे पाकीट दिसत नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून दोन्ही कापडे आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. हे टाळले तर पुढे बाहेरचे कापड आणि अस्तर कमी-जास्त आटतात आणि पिशवीला चुण्या पडतात.

जाड कापडाला 16 नंबरची सुई लावा, मध्यम कापडाला 14 नंबरची चालते. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, तो ओझ्याला टिकतो. टाक्याची लांबी 3 मिमी ठेवा.

कापणी

- बाहेरचे कापड: 48 × 44 सेंमीचे दोन तुकडे (आधी रुंदी, मग उंची; पुढेही हाच क्रम)
- अस्तर: 48 × 43.5 सेंमीचे दोन तुकडे
- बंद (पिशवी धरायचे पट्टे): 10 × 72 सेंमीच्या दोन पट्ट्या
- बाहेरचा खिसा: 26 × 44 सेंमीचा एक तुकडा
- आतला खिसा: 34 × 40 सेंमीचा एक तुकडा, अस्तराच्या कापडातून

अस्तर अर्धा सेंमी आखूड ठेवले की ते आत ढिले पडून गोळा होत नाही. बंदांच्या पट्ट्या कापडाच्या उभ्या धाग्यात कापा, म्हणजे वजनाने ताणल्या जात नाहीत. सगळीकडे शिवणीसाठी 1.5 सेंमी धरले आहे. आता पिशवीच्या चारही मोठ्या तुकड्यांच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून 5 × 5 सेंमीचा चौकोन कापून टाका. यातून तळ तयार होतो आणि त्याची रुंदी चौकोनाच्या दुप्पट येते. रुंद तळ हवा असेल तर चौकोन मोठा कापा. मात्र तेवढी पिशवीची उंची आणि रुंदी कमी होईल.

बंद

पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा. उघडून दोन्ही कडा त्या घडीपर्यंत आणा आणि पुन्हा दुमडा. चार पदरांचा 2.5 सेंमी रुंद बंद तयार होईल. दोन्ही कडांना अगदी काठाजवळून टीप मारा.

खिसे

दोन्ही खिसे एकाच पद्धतीने होतात. तुकडा सुलट बाजू आत ठेवून आडवा दुमडा, म्हणजे त्याची उंची निम्मी होईल. उरलेल्या तीन बाजूंना टीप मारा, फक्त खाली 6 सेंमी जागा मोकळी सोडा. कोपरे तिरके कापा, खिसा उलटवा, कोपरे काडीने हलकेच बाहेर काढा आणि इस्त्री करा. वरची घडी हेच खिशाचे तोंड. तिथे दोरे सुटायला जागाच नसते, म्हणून एकेरी कापडाचा काठ दुमडून केलेल्या खिशापेक्षा मला हा कितीतरी अधिक टिकाऊ वाटतो. तोंडाला वरून एक टीप मारून टाका.

आतला खिसा अस्तराच्या एका तुकड्यावर, वरच्या काठापासून 8 सेंमी खाली, मधोमध टाचा. दोन्ही बाजू आणि तळ काठाजवळून शिवा. सोडलेली जागा याच टिपेत बंद होते. मग खडूने कप्पे आखा. पेनासाठी 4 सेंमी पुरे. मोबाइलसाठी त्याच्या रुंदीत 2 ते 3 सेंमी मिळवा, कारण मोबाइलला जाडीही असते. नेमक्या मापाच्या कप्प्यात तो शिरतो, पण पटकन निघत नाही. कप्प्यांच्या टिपा तळाकडून तोंडाकडे मारा. उलट दिशेने मारल्या तर सरकलेले कापड खाली अडकून चुणी पडते.

खिसा उसवतो तो नेहमी तोंडाच्या कोपऱ्यांत, कारण हात घालताना सगळा ताण तिथे येतो. तिथे साधी उलटी टीप पुरत नाही. प्रत्येक कोपऱ्यात एक सेंमीचा छोटा त्रिकोण शिवा आणि त्यामागे अस्तराच्या उलट बाजूला कापडाचा किंवा फ्यूजिंगचा (इस्त्रीने चिकटणाऱ्या कापडाचा) लहान तुकडा ठेवा. बाहेरचा खिसाही असाच, बाहेरच्या एका तुकड्यावर 10 सेंमी खाली लावा.

किल्ल्यांसाठी 12 सेंमीची कापडी टेप (फीत) दुहेरी करून अस्तराच्या बाजूच्या शिवणीत, वरून 8 सेंमीवर घाला.

पिशवी जोडणे

बाहेरचे दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून दोन्ही बाजू आणि तळ शिवा. कापलेले चौकोन उघडेच राहू द्या. अस्तरही तसेच शिवा, पण त्याच्या तळाला मधोमध 15 सेंमी जागा मोकळी सोडा. शिवणी फाकवून इस्त्री करा. मग प्रत्येक कोपऱ्यात बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर नेमकी आणा. चौकोनाची जागा सरळ रेषेत येईल. तिथे दोनदा टीप मारा.

बाहेरची पिशवी सुलट करा. बंदाची टोके बाजूच्या शिवणीपासून 12.5 सेंमीवर टाचा. बंदाचा फास खाली लोंबू द्या आणि टोके काठाच्या वर 2.5 सेंमी राहू द्या. बंदाला पीळ पडला नाही ना, तेवढे पाहून कच्चे टाके घाला. आता ही पिशवी उलट्या अस्तरात घाला, शिवणी जुळवा आणि वरून गोल टीप मारा. बंदांवर पुढे-मागे दोन-तीनदा शिवा. जाड थरांवर मशीन अडते, तेव्हा हाताने चाक फिरवा आणि दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) तिरकी होऊ नये म्हणून तिच्या मागे कापडाची घडी सरकवा.

अस्तराच्या मोकळ्या जागेतून पिशवी उलटवा, अस्तर आत ढकला आणि वरच्या काठाला इस्त्री करा. काठालगत एक टीप मारा, दुसरी तिच्याखाली, काठापासून 3 सेंमीवर. वर सोडलेली बंदांची टोके आता आत चार सेंमी खाली गेलेली असतात आणि या दुसऱ्या टिपेत पक्की धरली जातात. ओझे केवळ काठाच्या शिवणीवर पडत नाही.

शेवटी पिशवीत दोन जड वस्तू घालून बंद ओढून पाहा, खिसे तपासा. कुठे दुरुस्ती लागली तर अजून आत हात घालता येतो. सगळे ठीक असेल तर अस्तराची मोकळी जागा काठाजवळून टीप मारून बंद करा.