दोर्दोन्यच्या खेड्यात शनिवारी उजेडी पोचा

बडोद्यातल्या शाळांची दिवाळीची सुट्टी आणि फ्रान्समधली तूसँची, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची सुट्टी बहुतेक वर्षी आगेमागे येतात. तूसँची सुट्टी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन दोन आठवडे चालते, आणि तेव्हा फ्रेंच कुटुंबंही खेड्यातली घरं भाड्यानं घेतात. अशा घराला तिकडे जीत म्हणतात. माझ्या मते या दिवसांत फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडल्या दोर्दोन्यसारखा मुलूख नाही: अक्रोडाच्या बागा, नदीकाठचं धुकं, बाजारात चेस्टनटचे ढीग. पण तिथला आठवडा सुखाचा जायचा तर आधी पोचणं नीट जमवायला हवं, म्हणून मी फक्त पोचण्याबद्दलच सांगते.

जीत बहुधा शनिवार ते शनिवार मिळतं आणि किल्ली दुपारी चारनंतर. म्हणून पॅरिसला शुक्रवारी उतरा, शनिवारी नको. मुंबईहून रात्रभर विमानात बसून आल्यावर त्याच दिवशी उजव्या बाजूनं गाडी चालवत अनोळखी रानातलं घर शोधायचं, हे मी कुणालाही करू देणार नाही. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनहून वेगवान गाडी दोन तासांच्या थोडं वर बोर्दोला नेते. रात्री तिथेच झोपा आणि शनिवारी सकाळी भाड्याची गाडी घ्या. लहान गावांत गाडी देणारी ऑफिसं जेवणाच्या वेळी बंद होतात, काही शनिवारी दुपारनंतर उघडतही नाहीत. बोर्दोत ती अडचण कमी. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर पाटी नसेल तर वेग ८०, गावात ५०. आणि एक नियम घोकून ठेवा: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग त्याची गल्ली कितीही बारीक असो.

बोर्दोहून दोर्दोन्यमधल्या सार्ला गावाकडे जायला अडीच तास धरा, पण वाटेत खरेदी करायचीच आहे. शनिवारी जे घ्याल त्यावर रविवार काढायचा असतो. रविवारी दुपारनंतर खेड्यात काहीच उघडं नसतं, सोमवारीही बरीच दुकानं बंद. रोजच्या दिवशी बारा ते दोन शटर खाली. तांदूळ, लाल मसूर, बटाटे, दूध, लोणी, अंडी खात असाल तर अंडी, पाव, पिण्याचं पाणी आणि काड्यापेटी हे सगळं पहिल्याच फेरीत घ्या. दुकानात शिरताच ‘बाँजूर’ म्हणा, मागणी त्यानंतर. एवढ्यानं समोरच्याचा सूर बदलतो.

घरून काय न्यायचं? भाकरवडी, लीलो चेवडो, थेपले, मसाले जरूर न्या. पण पेढे, बर्फी, तूप नको; युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको, वाळवलेला चालेल. कुकर न्यायचा तर स्टीलचा, कारण बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. शाकाहारी मंडळींनी हॉटेलात सावध राहावं. सार्लाचे प्रसिद्ध परतलेले बटाटे बदकाच्या चरबीत करतात, आणि अक्रोड घातलेल्या तिथल्या सॅलडमध्ये बदकाचे तुकडे असतात. विचारल्याशिवाय मागवू नका.

घरमालकीण किल्ली द्यायला आली की घाई करू नका, उजेड असतानाच तिच्याबरोबर सगळं घर फिरा. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, विजेच्या मीटरचा आकडा काय, हीटरचं वेगळं द्यायचं का, लाकडाची भट्टी कशी पेटवायची आणि सरपण कुठे, हे तिथेच विचारून घ्या. मीटरचा फोटो काढा. खेड्यातल्या घरांना बहुधा सेप्टिक टाकी असते. संडासात कागदाखेरीज काही टाकू नका, मुलांनाही बजावा. एक मगही बॅगेत असू द्या.

उजेडाचा एवढा आग्रह धरते त्याचं कारण सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी पावणेसातच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पावणेसहालाच मावळतो, आणि बडोद्याशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. आजी-आजोबांना फोन करायची वेळ त्याप्रमाणे ठरवा. खेड्यात रस्त्यावर दिवे कमीच असतात आणि घरांचे नंबर अंधारात दिसत नाहीत.

सार्लाचा आठवडी बाजार शनिवारी सकाळी भरतो. येतानाचा चुकला तरी बुधवारचा आहे. आदिमानवाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली तिथली लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे. तिची हुबेहूब प्रतिकृती २०१६ मध्ये उघडली. सुट्टीत तिथे गर्दी असते, तेव्हा तिकिटं बडोद्यातूनच काढा.

१ नोव्हेंबरला मालकिणीकडे फुलं न्यायची असतील तर शेवंती सोडून काहीही न्या, शेवंती त्या दिवशी थडग्यांवर वाहतात. आणि शरद हा शिकारीचा हंगाम आहे. रानात फिरायला जाताना, विशेषतः रविवारी, भडक केशरी किंवा लाल कपडे घाला, आणि वाटेवर शिकार चालू असल्याची पाटी दिसली की दुसरी वाट धरा.