गॅरेजमधल्या वर्कशॉपला पंखा निवडताना

एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली काम करायचं म्हणून बरेच जण दुकानातला सगळ्यात मोठा स्टँडचा पंखा उचलून आणतात. तो तापलेली हवा तिथल्या तिथे घुसळत राहतो. आधी ती हवा बाहेर काढायची सोय करा. अंगावरच्या वाऱ्याचं नंतर.

त्यासाठी गॅरेजची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा. १० बाय १८ फूट आणि उंची १० फूट असेल तर १८०० घनफूट हवा झाली. वर पत्रा असेल तर ती तासाला निदान ३० वेळा बदलली पाहिजे, स्लॅब असेल तर २० वेळा चालेल. १८०० गुणिले ३० भागिले ६०, म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट, दुकानदाराच्या भाषेत ९०० सीएफएम. खोक्यावर आकडा घनमीटर प्रति तास असा असेल तर सीएफएमला १.७ ने गुणा: १५३०. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि झडपा लागल्या की तो घसरतो, म्हणून तासाला २००० घनमीटरच्या आसपासचा एक्झॉस्ट, म्हणजे हवा बाहेर फेकणारा पंखा, घ्या. १२ इंची, १४०० आरपीएमचा पंखा हवा फेकतो खरा, पण दिवसभर कान किटतात; भिंतीत जागा असेल तर १५ इंची, ९०० आरपीएमचा बरा. लेबलवर ‘सिंगल फेज’ लिहिलंय ना, हे बघूनच पैसे द्या. दिसायला तसाच थ्री फेजचा पंखाही मिळतो, तो घरच्या सिंगल फेज लाइनवर चालणार नाही.

एक्झॉस्ट शटरच्या समोरच्या भिंतीत, छताला जमेल तितका चिकटून बसवा. शटरजवळ बसवला तर आलेली हवा लगेच निघून जाते आणि मागचा कोपरा कोंदटच राहतो. शटर फूटभर उचललेलं हवं. सगळं बंद असेल तर पंखा नुसता घरघरतो. कोकणात पश्चिमेची भिंत टाळा, नाहीतर पावसाळ्यात वारा उलटा आत घुसतो, सोबत पाणीही.

बसवून झाला की शटरखाली उदबत्ती धरा. धूर आत ओढला जायला हवा. बाहेर जात असेल तर पंखा उलटा फिरतोय, वायरमनकडून जोडणी तपासून घ्या. धूर जागीच रेंगाळला तर हवा दुसरीकडून, बहुधा एक्झॉस्टशेजारच्या खिडकीतून येतेय. ती लावून घ्या.

आता अंगावरचा वारा. १६ इंची वॉल फॅन टेबलाच्या बाजूला, छातीच्या उंचीच्या थोडा वर लावा. समोरून लावलात तर भुसा थेट डोळ्यांत. स्टँडची वायर पायात येते. सीलिंग फॅन पत्र्याखालची गरम हवा डोक्यावर ढकलतो, शिवाय ८ फुटी प्लाय उभा करताना कोपरा पात्यात अडकतो. मोटर बंद बॉडीची घ्या. उघड्या खाचांत लाकडाचा बारीक भुसा बसतो, मोटर तापते आणि एक दिवस जळका वास येतो.

सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या आवरणाखालचं) करताना हा वॉल फॅन बंद ठेवा. वाऱ्याने गॅसचं आवरण उडतं आणि वेल्डिंगला बारीक छिद्रं पडतात. थिनर घातलेला लॅकर मारायचा असेल तर काम अंगणात न्या: साध्या पंख्याच्या स्विचमधली ठिणगीही त्या वाफेला पुरते.

विदर्भात पारा ४० च्या वर गेला की पंख्याचा वाराच भट्टीसारखा लागतो. तिथे कूलरला पर्याय नाही. फक्त पटाशी, रंधा आणि लोखंडी हत्यारं तेलाचा हात फिरवून पेटीत ठेवा, ओल्या हवेत दोन दिवसांत तांबेरा चढतो.