मांडीची माडी होऊ नये म्हणून

ऐन दिवाळी अंकांच्या घाईत मुद्रितं तपासताना मी एका कथेत 'आजीने नातवाला माडीवर घेतलं' हे वाक्य बिनदिक्कत पुढे जाऊ दिलं. वाक्यात वावगं काही नव्हतं. नेलं असेल आजीने वरच्या मजल्यावर! शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनेही चकार शब्द काढला नाही. लेखकाने मात्र 'मांडीवर' लिहिलं होतं. पानं छापायला जायच्या आदल्या रात्री संपादकांचा फोन आला, "ताई, चष्म्याचा नंबर वाढलाय का?"

नंबर तोच होता. महिन्यापूर्वी मी नवा मॉनिटर घेतला होता. टिंब आहे की नाही हे दिसेनासं झालं की डोकं आपल्या सोयीने ते भरून घेतं, आणि त्या पडद्यावर मी दिवसभर टिंबं भरत बसले होते.

मॉनिटर होता २७ इंची, फुल एचडी. "मॅडम, मोठाच घ्या, डोळ्यांना आराम," असं दुकानदार म्हणाला आणि मला पटलं. मी इंच बघितले, ठिपके मोजलेच नाहीत. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० पिक्सेल, म्हणजे ठिपके, मग पडदा २१ इंची असो वा ३२. २७ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप, पडद्याची रुंदी साडेतेवीस इंच. भागाकार केला तर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात. २४ इंचीत तेच ९२ होतात. २७ इंचीतच २५६० बाय १४४० घेतला, ज्याला दुकानात क्यूएचडी म्हणतात, तर १०९. फोरके, म्हणजे ३८४० बाय २१६०, घेतला तर १६३.

हे आकडे मराठी वाचणाऱ्याला जास्त बोचतात. बारा पॉइंटचं अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. पान कागदाच्याच मापात उघडलं तर माझ्या त्या पडद्यावर एका ओळीच्या वाट्याला उभे साडेतेरा पिक्सेल येत होते. त्यात शिरोरेषेच्या वर उरतात तीन-चार. आता 'मूर्तींची' हा शब्द घ्या. वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघांनी त्या तीन-चार पिक्सेलांत दाटीवाटीने बसायचं! इंग्रजी मजकूर त्याच पडद्यावर सुबक दिसतो, कारण तिथे मजल्यावर मजले नसतात. क्यूएचडीवर त्याच ओळीला अठरा पिक्सेल मिळतात, फोरकेवर सत्तावीस.

म्हणून दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्वतःची पीडीएफ न्या. तिथल्या पडद्यांवर कायम धबधबे आणि पोपट चालू असतात. पोपट कुठल्याही पडद्यावर छानच दिसतो. माझ्या पीडीएफमध्ये एकच पान आहे, बारा पॉइंटमध्ये: विद्यार्थ्यांनी, मूर्तींची, सर्वांना, घर-धर, भाग-भांग आणि अर्थात मांडी-माडी. घरी बसता तेवढ्याच अंतरावर उभं राहून वाचायचं. पुढे वाकावंसं वाटलं तर तो मॉनिटर आपला नाही.

पॅनेलबद्दल, म्हणजे पडदा कुठल्या जातीचा याबद्दल, फार डोकं शिणवू नका. वाचन-लेखनाला आयपीएस जातीचा घ्या, बाजूने बघितलं तरी रंग उतरत नाही. व्हीए जातीत काळा रंग जास्त गडद, रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्यांना तो आवडतो. गेम खेळत नसाल तर १४४ हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यासाठी, जादा पैसे मोजू नका. वक्र पडदा मला विचाराल तर नकोच. त्यावर पानाची सरळ कडा वाकडी वाटते आणि मी उगाच समास मोजत बसते.

घेण्याआधी लॅपटॉपचं मॉनिटरची केबल जोडायचं भोक मात्र बघा. भाच्याने हौसेने फोरके मॉनिटर आणून माझ्या जुन्या लॅपटॉपला जोडून दाखवला, तर माऊसचा बाण अडखळत, ठेचकाळत चालला. त्या लॅपटॉपचं भोक एचडीएमआय १.४ जातीचं होतं, आणि त्यातून फोरके सेकंदाला तीसच वेळा ताजं होतं. साठ हवं असेल तर दोन्हीकडे एचडीएमआय २.० लागतं. क्यूएचडीला माझं जुनं भोक पुरलं, म्हणून मी तिथेच थांबले आणि २७ इंची क्यूएचडी घेतला. दोन ए-फोर पानं शेजारी-शेजारी, खऱ्या मापात, वर मेनूची पट्टी धरूनही २७ इंचांत बसतात. ४२ सेंटिमीटर पानांना, उरलेल्या १८ मध्ये शब्दकोशाची खिडकी.

आता मांडणी. माझ्या खोलीला पश्चिमेची गॅलरी आहे. पहिल्यांदा टेबल भिंतीला लावलं, गॅलरी पाठीमागे. दुपारी चारनंतर पडद्यावर प्रूफाऐवजी माझंच तोंड आणि मागे वाळत घातलेले कपडे दिसायचे. टेबल फिरवून खिडकी समोर घेतली तर डोळ्यांवर उजेड. शेवटी काटकोनात ठेवलं, खिडकी डाव्या हाताला. पडदा डोळ्यांपासून हातभर लांब, माझा ६५ सेंटिमीटरवर आहे.

उंचीबाबत सगळे सांगतात की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी. मीही इमानदारीत मॉनिटरखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा रचला आणि पंधरा दिवसांत मान धरली. तो सल्ला साध्या चष्म्याचा. माझा प्रोग्रेसिव्ह, त्यात जवळचं वाचायचा नंबर खालच्या भागात असतो, त्यामुळे पडदा वाचायला मी हनुवटी वर करून बसत होते. अंक काढून टाकले, पडदा खाली आणला, थोडा मागे कलवला. चष्म्यावाल्याला ६५ सेंटिमीटर हा आकडा सांगून नुसत्या कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्माही करून घेतला. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही. तेव्हा मागे १०० बाय १०० मिलिमीटरवर चार स्क्रूंची भोकं आहेत ना, हे बघून घ्या, म्हणजे पुढे टेबलाला लावायचा आर्म घेता येतो.

खोक्यातून काढलेला मॉनिटर लग्नाच्या हॉलसारखा झगझगीत असतो. मी एक कोरा कागद पडद्याशेजारी धरते आणि पडद्यावरचं पांढरं पान त्या कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवते. माझा दिवसा ५० च्या आसपास राहतो, रात्री तिशीच्या खाली.

विंडोजमध्ये रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच ठेवा. अक्षरं बारीक वाटली म्हणून ते कमी केलं की सगळं धुरकट होतं. त्यासाठी स्केल १२५ टक्के करायचं. मग शोधपट्टीत 'क्लिअरटाइप' टाइप करा, ही पडद्यावरची अक्षरं रेखीव करणारी विंडोजची सोय. मजकुराचे नमुने शेजारी-शेजारी दाखवून कुठला स्पष्ट दिसतो ते विचारतात. नमुने इंग्रजी असले तरी फरक मराठीतही पडतो. पान उभं दिसावं म्हणून कुणी मॉनिटरच उभा फिरवतात. तसं केलंत तर क्लिअरटाइप बंद करून बघा. ते आडव्या मांडणीतल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांवर बेतलेलं असल्याने उभ्या पडद्यावर अक्षरांना रंगीत कडा येतात.

खोकं उघडताना मोबाइलवर शूटिंग करा आणि पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं चित्र लावून मेलेले पिक्सेल शोधा. मला पांढऱ्यावर एक काळा ठिपका सापडला होता. नखाने हलकेच खरवडला तर निघाला, धूळ होती. पण अनुस्वार शोधणाऱ्या बाईच्या पडद्यावर कायमचा काळा ठिपका म्हणजे काय, कल्पना करा.

जुना फुल एचडी भाच्याने नेला. पलंगावर लोळून, आठ-नऊ फुटांवरून मॅच बघतो, आणि तेवढ्या लांबून तो पडदा खरंच झकास दिसतो.