चार वाजता आपल्या जागेवर: सुमोच्या बाशोला जाण्याची तयारी

सुमो बघायला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट काढतात आणि मग स्पर्धेच्या तारखा शोधतात. क्रम उलटा हवा. व्यावसायिक सुमोच्या मुख्य स्पर्धा, म्हणजे होनबाशो, वर्षात सहाच असतात आणि त्याही एकाआड एक महिन्यात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये टोकियोत, मार्चमध्ये ओसाकात, जुलैत नागोयात आणि नोव्हेंबरमध्ये फुकुओकात. बाशो रविवारी सुरू होतो आणि पंधराव्या दिवशी रविवारीच संपतो. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानला जाणाऱ्या आपल्याकडच्या सहलींना बाशो नेमका हुकतो, कारण ओसाकातली स्पर्धा मार्चमध्येच आटोपलेली असते. तारखा जुळतच नसतील तर एप्रिल, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये मल्ल गावोगावी दौऱ्यावर असतात. तो दौरा म्हणजे जुंग्यो. तिथे मल्ल मोकळेपणाने भेटतात, पण त्या लढती प्रदर्शनाच्या. बढती-उतरती ठरते ती फक्त होनबाशोत.

तारखा पक्क्या झाल्या की तिकीट. विक्री स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी ‘तिकीट ओझुमो’ या अधिकृत साइटवर सुरू होते आणि तिथे इंग्रजी पानही आहे. विक्री उघडते जपानच्या सकाळी दहा वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. गजर सहाचा लावा. खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा आणि कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेकडून सुरू करून घ्या. ऐनवेळी अडतं ते बहुतेक इथेच: हाती आलेली जागा ओटीपीची वाट बघताना निसटते. पहिला दिवस, शनिवार-रविवार आणि शेवटचे तीन दिवस आधी संपतात, म्हणून पहिल्या आठवड्यातले सोमवार ते गुरुवार हे दुसरा पर्याय म्हणून आधीच लिहून ठेवा. हुकलंच तर चढ्या भावाने विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. अशा फेरविक्रीवर जपानमध्ये 2019 पासून कायद्याने बंदी आहे आणि तसलं तिकीट दारात नाकारलं जाऊ शकतं. भारतीय पासपोर्टवर जपानचा व्हिसा लागतो. त्याचं काम सुमोच्या तिकिटासाठी अडवून ठेवू नका, दोन्ही समांतर चालू द्या.

जागा निवडताना थोडा वेळ द्या, कारण दिवस कसा जाणार हे तिच्यावरच ठरतं. टोकियोतल्या र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये सुमारे 11,000 माणसं बसतात आणि जागांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. रिंगणाला अगदी लागून असलेल्या जागा म्हणजे तामारी. इथे जमिनीवर गादी, खाणंपिणं बंद, फोटो बंद, लहान मुलांना मनाई. दीडशे किलोंचा मल्ल अंगावर कोसळू शकतो, आणि हे दर बाशोत घडतं. दर माणशी वीस हजार येनांच्या घरात, आणि तरीही मिळणं सगळ्यात कठीण. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिचा हट्ट धरू नये.

तळमजल्याच्या उरलेल्या भागात मासुसेकी, म्हणजे चौकोनी खण. हे नीट समजून घ्या. खण साधारण सव्वा मीटर बाय सव्वा मीटरचा, भोवती गुडघ्याखाली येणारी धातूची नळी, आत चार चपट्या गाद्या. तिकीट पूर्ण खणाचं असतं, त्यामुळे चार जणांच्या खणात दोघे बसले तरी पैसे चौघांचे. चार मोठी माणसं बसली की पाय पसरायला जागा उरत नाही, आणि दुपारी चारनंतर प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गुडघ्यावर हात ठेवून बसलेला दिसतो. आपल्याला मांडी घालायची सवय आहे म्हणून निभेल, असं धरून चालू नका. जेवणाला अर्धा तास मांडी घालणं वेगळं आणि चार तास त्याच जागी बसणं वेगळं. गुडघ्यांचा त्रास असलेले आईवडील बरोबर असतील तर सरळ वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या घ्या. त्या काही हजार येनांपासून मिळतात, पाठीला टेकू असतो आणि रिंगण पूर्ण दिसतं. फक्त आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण हवी, म्हणजे मल्लाच्या चेहऱ्यावरचं सगळं दिसतं. खणात बसणार असाल तर लेसचे बूट नकोत. खणात शिरताना बूट काढावे लागतात आणि शौचालयाला जाताना दर वेळी पुन्हा घालावे लागतात. मोजे धड असावेत.

आता दिशा. रिंगणावर छताला टांगलेलं साधारण सहा टनांचं लाकडी छप्पर आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांना मोठे गोंडे: हिरवा, तांबडा, पांढरा, काळा. पंच, म्हणजे ग्योजी, ज्या बाजूला तोंड करून उभा राहतो ती शोमेन, ‘समोरची’ बाजू. योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मल्ल, आपला प्रवेशविधी याच दिशेला तोंड करून करतो. त्याचा चेहरा बघायचा तर शोमेन घ्या. मल्ल जवळून बघायचे तर पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या हानामिचीजवळची, म्हणजे मल्ल ज्या वाटेने आत येतात तिच्या कडेची जागा घ्या. त्यांच्या केसांना लावलेल्या बिनत्सुके तेलाचा गोड वास तिथवर पोहोचतो.

स्पर्धेच्या साधारण 13 दिवस आधीच्या सोमवारी बान्झुके, म्हणजे मल्लांची क्रमवारी, जाहीर होते. जानेवारीची मात्र डिसेंबरच्या अखेरीस येते. ती आली की एक संध्याकाळ काढून वाचा. सहा विभाग आहेत. वरून पहिला माकुउची, त्यात 42 मल्ल, आणि त्याखाली जूर्यो, त्यात 28. हे दोन विभाग रोज लढतात, पंधरा दिवसांत पंधरा लढती. त्याखालच्या चार विभागांतले मल्ल सातच लढती खेळतात, म्हणजे साधारण एक दिवसाआड. खालच्या विभागातला एखादा होतकरू मल्ल बघायचा असेल तर त्या दिवशी त्याची लढत आहे का, हे आधी तपासा. वरच्या विभागातल्या कुणाही एकासाठी मात्र सगळी सहल आखू नका. दुखापत झाली की मल्ल मधूनच माघार घेतो, त्याचं नाव वगळलं जातं आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. तीन-चार नावं मनात धरून जा.

नियम कुस्तीच्या मानाने थोडके. चितपट करावं लागत नाही. समोरच्याचा तळपायाखेरीज कुठलाही भाग मातीला टेकला किंवा तो 4.55 मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर गेला की संपलं. बहुतेक लढती काही सेकंदांत निकाली निघतात. म्हणूनच खरी बघायची गोष्ट लढतीच्या आधीची. माकुउचीत मल्लांना तयारीला चार मिनिटं मिळतात, जूर्योत तीन, त्याखाली दोन. या चार मिनिटांत दोघे पुन्हा पुन्हा समोरासमोर बसतात, एकमेकांना नजरेने तोलतात, उठतात, कोपऱ्यात जातात, मीठ उधळतात. नवखा प्रेक्षक इथे फोनमध्ये डोकं घालतो आणि उठायचा क्षण हुकवतो. वेळ संपली हे कसं ओळखायचं? कोपऱ्यात बसलेला योबिदाशी, म्हणजे मल्लांची नावं पुकारणारा सेवक, उठून मल्लाला टॉवेल देतो. मल्ल तोंड पुसतो, काखा पुसतो, या वेळी मीठ मूठभर घेतो आणि प्रेक्षागृहातला आवाज एका पट्टीने चढतो. आता ते बसले की लढणारच. आवडत्या मल्लाचं नाव ओरडायचं ते याच्या आधी, त्याचं शेवटचं अक्षर लांबवत. हात मातीकडे झुकले की सगळं सभागृह गप्प होतं, तेव्हा आपणही गप्प. वाटेवरून ये-जा करत असाल तर लढत संपेपर्यंत तिथेच थांबा, मागच्यांना दिसत नाही.

दिवसाचं वेळापत्रक संध्याकाळकडून सकाळकडे मांडा. शेवटची लढत आणि धनुष्य फिरवण्याचा विधी सहाच्या सुमारास संपतो. माकुउचीच्या लढती चारनंतर सुरू होतात, त्याआधी पावणेचारच्या आसपास त्या मल्लांचा रंगीत झालरींतला प्रवेशविधी आणि लगेच योकोझुनाचा. त्याचा पाय आपटला की सगळे ‘योइशो!’ म्हणतात, तुम्हीही म्हणा. जूर्योच्या लढती सव्वादोन-अडीचला सुरू होतात. खालचे विभाग तर सकाळी साडेआठपासूनच चालू असतात. तुमचं तिकीट या सगळ्या दिवसाचं असतं. आमचा सल्ला: एकच्या सुमारास आत जा. तेव्हा खुर्च्या रिकाम्या, आवाज कमी, दोन पोरसवदा मल्लांच्या छात्या आदळल्याचा नुसता आवाज वरच्या मजल्यापर्यंत येतो. रिकामा दिसतो म्हणून पुढच्या खणात मात्र बसू नका. खणाचे मालक तीनला येतात आणि सगळ्यांसमोर उठावं लागतं. तेराव्या दिवसापासून खालच्या लढती कमी होतात, म्हणून दिवस उशिरा सुरू होतो. शेवटच्या रविवारी बक्षीस समारंभासाठी सगळंच साधारण अर्धा तास आधी सरकतं, त्या दिवशी चारचा हिशेब चालत नाही.

एक ते तीनच्या मधे बाहेरची कामं उरका. दारातून त्या दिवसाच्या लढतींचा कागद, तोरीकुमी, घ्या आणि बरोबर पेन ठेवा. निकालाच्या खुणा करत गेलात की दोन तासांत नावं पाठ होतात. प्रवेशदाराजवळचं छोटं सुमो संग्रहालय फुकट आहे. वरच्या दोन विभागांतले मल्ल दुपारी येऊ लागतात तेव्हा त्यांच्या येण्याच्या वाटेला गर्दी जमते. तिथे टाळ्या वाजवा, नाव घ्या, पण लढतीला निघालेल्या माणसाला सेल्फीसाठी अडवू नका आणि पाठीवर थाप तर नकोच. शौचालय सव्वातीन ते साडेतीनच्या दरम्यान. नंतरच्या रांगेत प्रवेशविधी बुडतो.

खाण्याचं. कोकुगिकानची याकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेली कोंबडी, प्रसिद्ध आहे. इमारतीच्या तळघरातच भाजली जाते आणि गार झाल्यावर खायची असते. कोंबडी दोन पायांवर उभी असते, तिचे हात मातीला टेकत नाहीत, म्हणून सुमोत ती शुभ मानतात. तळघरातल्या दालनात बाशोच्या दिवसांत चांकोचा, म्हणजे मल्लांच्या रोजच्या रस्सेदार जेवणाचा, वाडगा स्वस्तात मिळतो, रांग जेवणाच्या वेळेआधी कमी असते. शाकाहारी मंडळींनी आत काही मिळेल या भरवशावर राहू नये. चांकोत कोंबडी किंवा मासळी असतेच, आणि भाजीच्या वाटणाऱ्या पदार्थाच्या रश्श्यातही बोनितो माशाची दाशी, म्हणजे माशाचं पाणी, असते. आत जाण्याआधी पोटभर जेवा. बाहेरचं खाणं आत नेण्याबाबतचे नियम तिकिटाबरोबर दिलेले असतात, ते वाचल्याशिवाय डबा भरू नका. काचेच्या बाटल्या आणि कॅन नकोतच.

पिशवी लहान ठेवा. केबिन बॅग घेऊन खणात शिरलात तर एका माणसाची जागा तीच खाते. सामान हॉटेलात किंवा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. पिशवीत दुर्बीण, पेन, पॉवर बँक, कचऱ्यासाठी एक प्लास्टिकची पिशवी आणि सुट्या नोटांत काही हजार येन. कॅमेरा चालतो, फ्लॅश आणि तिपाई नाही. जानेवारीत आत उबदार असतं, म्हणून जाड कोट ठेवायला जागा लागेल हे धरून चला.

पोहोचायला जेआरची पिवळी सोबू लोकल, अकिहाबाराहून दुसरं स्टेशन र्‍योगोकू, पश्चिमेचं दार, समोरच हिरवं छप्पर. टोकियो स्टेशनवरून सुटणारी सोबू जलद गाडी र्‍योगोकूला थांबत नाही. ती पकडणारे थेट किन्शिचोला उतरतात आणि एक स्टेशन मागे येतात. टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या आपल्या मंडळींना सोपं आहे: तोझाई लाइनने मोन्झेन-नाकाचो, तिथून ओएदो लाइनने तिसरं स्टेशन. ओसाकातली स्पर्धा नांबा स्टेशनहून पायी गाठता येते. नागोयातली 2025 पासून मेइजो कोएन स्टेशनजवळच्या नव्या आयजी अरेनात होते. जुलैतल्या नागोयाचा उकाडा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो, तेव्हा कपडे त्या हिशेबाने.

योकोझुना खालच्या मल्लाकडून हरला तर चारी बाजूंनी गाद्या उडताना दिसतील. फेकायला मनाई आहे, जाहीर सूचनाही होते. आपली गादी धरून बसा आणि मान खाली घाला, वरून येणारी गादी हलकी नसते. शेवटची लढत संपताच उठू नका. धनुष्याचा विधी पाच मिनिटांचा असतो आणि तेवढ्यात स्टेशनची पहिली झुंबड ओसरते. बाहेर पडलात की दाराजवळच्या सोळा मीटर उंच मनोऱ्यावर ढोल वाजत असतो, उद्या पुन्हा या असं सांगणारा. त्याच्याखाली दहा मिनिटं थांबा, मग गाडी पकडा.